गादी आता खिशात

२००७ साली पहिला आयफोन आला आणि त्याने जगभरच्या वेबसाइटना एक थाप मारली. त्याचा पडदा होता ३२० पिक्सेल रुंद. पण वेबसाइटने माप विचारले की तो बेधडक सांगायचा, ९८०! त्याचाही नाइलाज होता. तेव्हाच्या साइट टेबलावरच्या मॉनिटरसाठी बांधलेल्या. खरे माप सांगितले असते तर पानाचे रकाने एकमेकांवर चढले असते. म्हणून फोन आधी ९८०चे पान मांडून घ्यायचा आणि मग ते आक्रसून काडेपेटीएवढे करून दाखवायचा. वाचणाऱ्याने दोन बोटांनी ताणून किंवा दोनदा टिचकी मारून ते मोठे करायचे. या दुसऱ्या टिचकीसाठी ब्राउझर प्रत्येक स्पर्शानंतर सेकंदाचे सुमारे तीन दशांश थांबून राही, न जाणो आणखी एक टिचकी येत असेल तर! सुरुवातीच्या काळात फोनवरची प्रत्येक साइट जराशी सुस्तावल्यासारखी वाटायची, त्यात या थांबण्याचा वाटा मोठा होता.

पुढे वेब-डेव्हलपर प्रत्येक पानाच्या माथ्यावर एक ओळ लिहू लागले. तिचा अर्थ एवढाच, की बाबा रे, तुझे खरे माप सांग, आम्ही त्याप्रमाणे कापड बेततो. आज जवळपास प्रत्येक साइटच्या कोडमध्ये ती ओळ असते. गेल्या पंधरा-अठरा वर्षांत वेब बांधण्याच्या धंद्यात जे झाले त्याची सुरुवात या ओळीपासून सांगता येते.

बेतण्याची युक्ती मे २०१० मध्ये ईथन मार्कॉट या अमेरिकन डिझायनरने एका लेखात मांडली. तोवर रिवाज होता दोन साइट ठेवण्याचा. एक थाटाची, पुढच्या दाराची. दुसरी फोनवाल्यांसाठी, पत्त्याच्या आधी ‘एम’ लावलेली, मागच्या दाराची. तिथे अर्धे सामान नसायचेच. मार्कॉटचे म्हणणे असे, की पान एकच ठेवा, रकाने टक्क्यांत मोजा, चित्रांना आकसू द्या आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलण्याचे नियम लिहा. थोड्याच काळात ल्यूक रोब्लेव्स्कीचा ‘आधी मोबाइल’ हा आग्रह लोकप्रिय झाला. पहिली रेघ छोट्या पडद्यासाठी ओढा, जागा उरली तर मोठ्यासाठी भर घाला. ज्यांना हे पटत नव्हते त्यांना २१ एप्रिल २०१५ रोजी गूगलने पटवले. त्या दिवसापासून फोनवर शोध घेणाऱ्याला फोनस्नेही साइट वर आणि बाकीच्या खाली दिसू लागल्या. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्टॅटकाउंटरच्या मोजणीत जगभरात फोन आणि टॅबलेटवरचा वेब-वापर पहिल्यांदा संगणकाच्या पुढे गेला.

आपल्याकडे मात्र ही रांग उलटी लागली होती. याच स्टॅटकाउंटरच्या मोजणीत भारतात मोबाइलने संगणकाला २०१२ सालीच मागे टाकले होते. त्याला प्रगती म्हणण्यात फारसा अर्थ नाही; घरात संगणक होताच कुणाकडे? अमेरिकेतला माणूस संगणकाकडून फोनकडे आला. इथला बहुतेक माणूस कुठूनच आला नाही. त्याचा पहिला संगणक, पहिला कॅमेरा, पहिले बँकेचे काउंटर आणि पहिला मॉल एकाच वेळी त्याच्या खिशात आले. तेही तुटपुंज्या डेटावर. आठवडाभराचा छोटा रिचार्ज, आणि ऑपेरा मिनी किंवा यूसी ब्राउझर. ऑपेरा मिनी पान थेट आणतच नसे. ते आधी कंपनीच्या सर्व्हरवर उघडे, तिथे पिळून कोरडे होई आणि मग दोऱ्यावर वाळत घातल्यासारखे फोनवर येई. डेव्हलपरांनी जीव ओतून केलेली सजावट त्यात धुऊन जायची. पण मजकूर यायचा, आणि पैसे वाचायचे. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झाले आणि एका जीबीमागे २०१४ मध्ये जो अडीचशे रुपयांहून अधिक होता, तो भाव काही वर्षांत दहाच्या आसपास आला. डेटा स्वस्त झाला. फोन मात्र तितका स्वस्त झाला नाही, आणि तितका ताकदवानही नाही. या दोन वेगांतल्या फरकाकडे मी पुन्हा येणार आहे, कारण वेब-डेव्हलपरांची बरीच पापे त्या फटीत लपलेली आहेत.

त्याआधी मिंत्राची गोष्ट सांगायला हवी. भारतीय ई-कॉमर्सच्या इतिहासातला इतका धाडसी आणि इतका उलटलेला डाव दुसरा नसेल.

१५ मे २०१५ रोजी मिंत्राने आपली वेबसाइट बंद केली. ज्याला कपडे घ्यायचे असतील त्याने ॲप उतरवून घ्यावे. मिंत्रा तेव्हा फ्लिपकार्टच्या मालकीची झाली होती, आणि फ्लिपकार्टनेही मोबाइल ब्राउझरमधून येणाऱ्याला ॲपकडे वळवायला सुरुवात केली होती. हिशेब वरवर बिनचूक होता. बहुतेक गिऱ्हाईक फोनवरूनच येते, तर दोन-दोन दुकाने कशाला चालवायची? ॲप असले की गिऱ्हाईक ओळखता येते, त्याच्या फोनवर सूचनेची टिंगटिंग करता येते, आणि ‘दुसरीकडे काय भाव आहे’ ते शेजारच्या टॅबमध्ये बघण्याची सोयही त्याला राहत नाही. हा शेवटचा फायदा कुणी जाहीर बोलत नसे, पण दुकानदारीत मुरलेल्या माणसाला तो लगेच कळेल.

फसले कुठे? गिऱ्हाईक ॲपवर नव्हते असे नाही. पण कपडे घेणारा माणूस आधी हुंदडतो. ऑफिसच्या संगणकावर जेवणाच्या सुट्टीत चार कुर्ते बघतो, मैत्रिणीला लिंक पाठवतो, गूगलवर ‘लाल कॉटन कुर्ता’ शोधतो. वेबसाइट बंद झाली तेव्हा हा सगळा उंबरठाच गेला. शिवाय त्या काळच्या स्वस्त फोनमध्ये जागा असायची आठ जीबी, त्यातली निम्मी कंपनीच्या सामानाने आधीच भरलेली. घरातल्या लग्नाचे फोटो ठेवायचे की कपड्यांच्या दुकानाचे ॲप, असा प्रश्न आला की उत्तर ठरलेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंत्राने मोबाइल साइट परत आणली आणि १ जून २०१६ला संगणकावरचीही. वर्षभरात पुढचे दार पुन्हा उघडले.

याच धडपडीत, मिंत्राच्या माघारीआधीच, एक चांगली गोष्ट निघाली आणि तिला बंगळुरूचा पत्ता आहे. नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्लिपकार्टने ‘फ्लिपकार्ट लाइट’ नावाची वेबसाइट आणली. ती वेबसाइटच, पण ॲपसारखी वागणारी. त्याच वर्षी ॲलेक्स रसेल आणि फ्रान्सेस बेरीमन यांनी या प्रकाराला ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप’ असे नाव दिले होते. आतले यंत्र समजायला अवघड नाही. ब्राउझरमध्ये ‘सर्व्हिस वर्कर’ नावाचा एक छोटा गडी नेमला जातो. पहिल्या भेटीत तो दुकानाचा सांगाडा, म्हणजे पाटी, फडताळ, बटणे, फोनमध्येच ठेवून घेतो. पुढच्या वेळी नेटवर्क असो-नसो, सांगाडा तत्काळ उभा राहतो आणि फक्त नवा माल मागवला जातो. बोगद्यात शिरलेल्या लोकलमध्येही पान कोरे पडत नाही. होम स्क्रीनवर त्याचे चिन्ह ठेवता येते, आणि जागा लागते ॲपच्या मानाने नगण्य. गूगलने नंतर दिलेल्या माहितीप्रमाणे या साइटवर लोक पूर्वीपेक्षा तिप्पट वेळ रेंगाळू लागले, आणि होम स्क्रीनवरून येणाऱ्यांमध्ये खरेदी करणाऱ्यांचे प्रमाण ७० टक्क्यांनी जास्त निघाले. जगभरच्या परिषदांमध्ये पुढे बरीच वर्षे हेच उदाहरण दिले जात होते. कमी जागा, तुटक नेटवर्क, महाग डेटा या इथल्या अडचणींतून घडलेली वस्तू नंतर इतरांनी वापरली, हे आपल्या सॉफ्टवेअर उद्योगात वारंवार घडत नाही.

आता त्या फटीकडे. डेटा स्वस्त झाल्यावर डेव्हलपरांचा हात सैल सुटला. आज सरासरी वेबपान दोन मेगाबाइटच्या वर जाते, आणि त्यातला फोनला जड जाणारा भाग चित्रांचा नसतो, जावास्क्रिप्टचा असतो. चित्र एकदा उतरले की दिसते. जावास्क्रिप्ट उतरल्यावर फोनला ती वाचावी लागते, समजून घ्यावी लागते, मग चालवावी लागते. बिर्याणी मागवली आणि तांदूळ, मटण, पाककृती असा पुडा दारात आला तर जे होईल ते. लाखाच्या फोनकडे शेगडी मोठी; त्याला काही वाटत नाही. दहा हजाराच्या फोनला घाम फुटतो. साइट बांधणारा मात्र हिंजवडीत किंवा व्हाइटफील्डमध्ये महागड्या लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर काम करत असतो. त्याला पान ‘उडतेय’ असेच दिसते.

माझ्याकडे एक जुना अँड्रॉइड फोन मुद्दाम ठेवलेला आहे. काच तडकलेली, बॅटरी दुपारपर्यंत टिकते. गेल्या दिवाळीत एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत त्यावरून एका कपड्यांच्या साइटवर (नाव घेत नाही) शर्ट घ्यायला गेलो. पान आले. मी ‘साइज’वर बोट टेकवणार तेवढ्यात वरून एक जाहिरातीची पट्टी उतरली, सगळे पान दोन बोटे खाली सरकले आणि माझे बोट पडले ‘आत्ताच खरेदी करा’वर. परत आलो, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गाडी लागली.

या सरकण्यालाही आता माप आहे. मे २०२० मध्ये गूगलने पानाच्या तब्येतीची तीन मापे जाहीर केली. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे. पान सरकण्याचा गुणांक ०.१च्या आत हवा. आणि बोट टेकवल्यावर पानाने चटकन ओ द्यायला हवी. मार्च २०२४ पासून त्यासाठीची मर्यादा २०० मिलिसेकंद आहे. शोधाच्या क्रमवारीत ही मापे धरली जातात म्हटल्यावर कंपन्या जाग्या झाल्या. गिऱ्हाइकाच्या त्रासाने झाल्या असत्या तर जास्त बरे वाटले असते.

पण बांधणीपेक्षा मोठा बदल मला खरेदीच्या स्वभावात दिसतो, आणि तो सांगायला पुण्याच्या लक्ष्मी रोडवर जावे लागेल. जुन्या साडीच्या दुकानात गिऱ्हाईक गादीसमोर बसते. कपाटे दुकानदाराच्या मागे. “ताई, बजेट काय?” असे विचारून तो एक साडी उलगडतो, चेहरा वाचतो, दुसरी उलगडतो. नको म्हटले तरी तिसरी. कुठली आधी दाखवायची, कुठली मागे ठेवायची, कुठली महागडी मध्येच टाकायची म्हणजे पुढची स्वस्त वाटेल, हे त्याचे कसब. वाण्याचे दुकानही असेच. माल फळीच्या पलीकडे आणि मागाल तेच पुढे. मग मॉल आले आणि फडताळे उघडी झाली. गिऱ्हाईक गाडी ढकलत स्वतः हिंडू लागले. संगणकावरची वेबसाइट म्हणजे हा मॉल होता. डावीकडे शंभर गाळण्या, मधे वस्तूंची जाळी, वर तुलना करायला चार टॅब.

फोनच्या पडद्यावर मॉल मावत नाही. तिथे एका वेळी दोन वस्तू दिसतात, कधी एकच. अंगठा वर सरकला की पुढची. स्टीव्हन हूबर या संशोधकाने २०१३ मध्ये रस्त्यांवर, बसमध्ये, रांगांमध्ये तेराशेहून अधिक लोक फोन कसा धरतात ते टिपले. निम्मे जण एका हातात धरत होते, आणि एकूण वापरातला तीन चतुर्थांश अंगठ्याने होत होता. म्हणून डिझायनरांनी महत्त्वाची बटणे पडद्याच्या तळाशी आणली, जिथे अंगठा न ताणता पोचतो. गाळण्या एका चिन्हामागे गेल्या. तिकडे फार थोडे जातात. राहिला तो उलगडत जाणारा ताग्यांचा ढीग. म्हणजे आपण फिरून गादीसमोर येऊन बसलो. फरक इतकाच, की पलीकडचा माणूस आपला चेहरा वाचत नाही. आपण कुठल्या साडीवर किती सेकंद थांबलो, काल काय टोपलीत टाकून सोडून दिले आणि पगार साधारण कुठल्या तारखेला होतो, हे तो वाचतो.

या स्वभावबदलात घासाघीस गेली असे म्हणतात. मला तसे वाटत नाही. टोपलीत माल टाकून दोन दिवस गप्प बसायचे, म्हणजे दहा टक्के सवलतीचा संदेश आपोआप येतो, हे आता पुष्कळांना ठाऊक आहे. दुकानाची पायरी उतरायला लागल्यावर मागून “अहो, या, या” अशी हाक येण्याचाच हा नवा अवतार.

पैशाच्या बाबतीत मात्र भारताने खरोखर वेगळी वाट काढली. फ्लिपकार्टने २०१० मध्ये माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय दिली, तीच इथल्या ऑनलाइन खरेदीची किल्ली ठरली. न बघितलेल्या दुकानाला आगाऊ पैसे कोण देणार? कार्ड होते त्यांचीही वाट बिकट होती. रिझर्व्ह बँकेने २००९ पासून ऑनलाइन कार्डव्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची केली. ग्राहकाच्या हिताचे होते ते. पण फोनवर त्याचा अर्थ असा होई, की दुकानाच्या पानावरून बँकेच्या पानावर जा, एसएमएस बघायला ब्राउझर सोडा, आकडा पाठ करून परत या. तोवर फोनने मेमरी कमी पडली म्हणून बँकेचे पान पुसलेले असे. पैसे गेले की नाही, देव जाणे.

११ एप्रिल २०१६ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआय आले आणि ही उडी संपली. दुकानाचे ॲप फोनला सांगते की अमुक इतके पैसे द्यायचे आहेत; फोन थेट पैशाचे ॲप उघडतो, पिन टाकली की परत दुकानात आणून सोडतो. त्याच वर्षी ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली आणि ज्याला या गोष्टीशी देणेघेणे नव्हते तोही शिकला. ऑक्टोबर २०१९ मध्ये महिन्याला १०० कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींचा. पानटपरीवरचा चौकोनी काळा-पांढरा ठसा, म्हणजे क्यूआर कोड, जपानमधल्या डेन्सो वेव्ह कंपनीत १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी जन्मला होता. यूपीआय चालवणाऱ्या, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एनपीसीआयच्या यंत्रणेमुळे तो भाजीच्या गाडीवर लटकू लागला. शेजारी साउंडबॉक्स मराठीत रक्कम पुकारतो. भाजीवाली फोनकडे बघतही नाही, कानाने हिशेब ठेवते. हे माझ्या मते या दशकातले सगळ्यात शहाणे डिझाइन आहे. हात ओले, नजर गिऱ्हाइकावर, मोकळे काय आहे तर कान. म्हणून कानाशी बोला.

पण कॅश ऑन डिलिव्हरी मेली नाही. मीशोसारख्या मंचाने छोट्या गावांतून जो ग्राहक आणला तो मोठ्या प्रमाणात आजही दारात पैसे देतो. त्याच्याकडे यूपीआय असते, विश्वास नसतो. डिलिव्हरीवाला दारात आला की तो पिशवी दाबून बघतो, मग क्यूआर स्कॅन करतो. माल परत जाण्याचा धोका विक्रेत्याच्या गळ्यात पडतो. पार्सल न घेता परत आले की त्याला या धंद्यात ‘आरटीओ’ म्हणतात, आणि मोटारवाल्यांइतकेच कपडेवालेही या तीन अक्षरांना वचकून असतात.

दारापर्यंत पोचायला पत्ता लागतो, आणि इथे एका मराठी माणसाची आठवण काढायलाच हवी. १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झालेला सहा आकडी पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर यांची देणगी. टपालखात्याचे अधिकारी आणि संस्कृत कवी. ऑनलाइन दुकानातला पहिला प्रश्न आज ‘तुमचा पिनकोड?’ हा असतो. माल येणार का, कधी येणार, हे त्यावर ठरते. पण पिनकोड गावापर्यंत नेतो, घरापर्यंत नाही. पुढे ‘मारुतीच्या देवळामागे, निळे फाटक, कुत्रे आहे’ असेच लिहावे लागते, किंवा डिलिव्हरीवाल्याचा फोन येतो आणि आपण त्याला गल्लीत वळायला लावतो. फोनमधल्या नकाशाच्या ठिपक्याने हे काम पुष्कळ हलके केले. दहा-वीस मिनिटांत वाणसामान आणणारी ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट या ठिपक्यावरच उभी आहेत. त्यांनी महिन्याची यादी करण्याची सवय मोडली, हे मला त्यांच्या वेगापेक्षा महत्त्वाचे वाटते. पूर्वी महिन्याच्या पहिल्या रविवारी वाण्याकडे चिठ्ठी जायची. आता फोडणी टाकल्यावर मोहरी मागवतात. उधारीची वही मात्र या ॲपना जमलेली नाही. त्यांची उधारी व्याजासकट येते.

भाषेचा मुद्दा या सगळ्यात सर्वात मागे राहिला. २०२०च्या अखेरीस मनसेने ‘नो मराठी, नो ॲमेझॉन’ अशी मोहीम चालवली तेव्हा तिच्यातली तोडफोड गाजली. मूळ प्रश्न रास्त होता. ॲमेझॉनवर हिंदी २०१८ पासून होती. मराठी २०२१ मध्ये आली, आणि फ्लिपकार्टवरही त्याच वर्षी. तरी नुसते भाषांतर करून काम भागत नाही. देवनागरीत रेघेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरे. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या बटणात त्यांची डोकी आणि पाय कापले जातात. ‘बाय’ लिहिलेल्या बटणात ‘खरेदी करा’ मावत नाही, मग शेवटी तीन टिंबे. फॉन्टमध्ये जोडाक्षरांचे शेकडो आकार असल्याने त्याची फाइलही जड. पुन्हा तोच गरीब फोन. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये नीट सांगितले नाही, तर चांगला फॉन्ट असूनही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे उमटतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक दाखवता न येणारे फॉन्ट तर अजूनही भेटतात. सुदैवाने मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने मुक्त, बलू असे फॉन्ट मोफत खुले केले. ही अडचण पूर्वी किती मोठी होती ते ज्यांनी दोन हजारच्या दशकात मराठी वर्तमानपत्रांच्या साइट उघडल्या त्यांना आठवेल. प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा, आणि तो नसेल तर पानभर चिन्हांचा रांगोळीखेळ. युनिकोडवर आल्याशिवाय फोनवर मराठी दिसणेच शक्य नव्हते.

यातली एक गंमत कोपऱ्यात पडून आहे. ‘ॲप’ या शब्दातले ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर म्हणून युनिकोडमध्ये आले २००८ साली, म्हणजे ॲपलचे ॲप स्टोअर उघडले त्याच वर्षी. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत, आणि पुष्कळ जण आजही तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. म्हणून ‘ॲल्युमिनियमची कढई’ शोधणाऱ्याला, विक्रेत्याने दुसऱ्या पद्धतीने लिहिलेली कढई सापडतच नाही, जर शोधयंत्र लिहिणाऱ्याने दोन्हींची गाठ घालून दिलेली नसेल. ही गाठ घालायला मराठी येणारा डेव्हलपर लागतो. आपल्याकडे ते हजारोंनी आहेत. त्यांना हे काम कुणी सांगत नाही, एवढेच.

गादीवरच्या माणसाकडे परत येऊ. लहान पडद्यावर फसवणे सोपे जाते. ‘नको’ अक्षरशः दिसणार नाही इतके फिकट ठेवता येते, टोपलीत विमा गुपचूप सरकवता येतो, ‘फक्त दोन उरल्यात’ हे रोज सकाळी सांगता येते. हॅरी ब्रिग्नलने २०१० मध्ये या क्लृप्त्यांना ‘डार्क पॅटर्न’ म्हटले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा प्रकारांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई, टोपलीत भर, लाज वाटायला लावणे, शेवटच्या पायरीवर वाढणारा भाव, असे सगळे त्यात आहे. यादी चांगली आहे. अंमल ढिला आहे. यातले चार-पाच प्रकार सापडायला आज संध्याकाळी भाजी मागवून बघणे पुरे.

आणि गादीवाल्याच्याही डोक्यावर जागेचा मालक आहे. ॲप लोकांपर्यंत न्यायचे तर गूगल किंवा ॲपलच्या दारातून. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने प्ले स्टोअरच्या धोरणांवरून गूगलला ९३६ कोटींचा दंड केला. तरी १ मार्च २०२४ला शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय ॲप स्टोअरमधून काढली, त्यात लग्न जुळवणारी नावाजलेली ॲप होती. सरकारने डोळे वटारले आणि काही दिवसांत ती परत आली. वेबला असा मालक नसतो. पण होम स्क्रीनवर ठेवलेल्या वेबसाइटला सूचना पाठवण्याची मुभा आयफोनवर मार्च २०२३ मध्ये मिळाली. अँड्रॉइडवर ती २०१५ पासून होती. दिरंगाईत कुणाचा फायदा होता ते ओळखायला हुशारी लागत नाही.

छोट्या विक्रेत्यांनी या भांडणात न पडता तिसरेच दार शोधले. येवल्याचा पैठणी विणणारा वेबसाइट बांधत नाही. व्हॉट्सॲपवर पदराचे फोटो टाकतो, व्हिडिओ कॉलवर साडी उजेडात धरतो आणि यूपीआयवर पैसे घेतो. देवगडच्या हापूसची पेटीही अशीच पुण्यात, ठाण्यात पोचते. वेब-डेव्हलपर, डिझायनर, ॲप स्टोअर, सगळे बाजूला. गादी पुन्हा माणसाची. फसवणूकही मग माणसाचीच. दुसरीकडचा आंबा ‘देवगड’ म्हणून खपवला जातो, तेव्हा तिथल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने फळावर क्रमांकाचा स्टिकर लावायला सुरुवात केली. त्यावरून फळ कुठल्या बागेतले ते फोनवर पडताळता येते.

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयच्या गोष्टीला एक अनपेक्षित वळण मिळाले. राज्याच्या व्यापारी कर विभागाने यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा पाठवल्या. वर्षाला चाळीस लाखांच्या वर जमा दिसते, मग नोंदणी का नाही? बंगळुरूच्या भाजीवाल्यांनी, बेकऱ्यांनी, चहावाल्यांनी क्यूआरचे चौकोन उतरवले आणि त्या जागी हाताने लिहिलेली पाटी लावली, की यूपीआय नाही, फक्त रोख. फ्लिपकार्ट लाइट ज्या शहरात घडले त्याच शहरात गिऱ्हाईक पुन्हा खिशात सुटे पैसे चाचपू लागले. काही आठवड्यांत नोटिसांचे वादळ शमले आणि बऱ्याच गाड्यांवर चौकोन परत आले. काहींवर पाटी तशीच आहे. चौकोन तिच्या मागे, हव्या त्या गिऱ्हाइकासाठी उलटा करून ठेवलेला.